आरसा अर्धेच सांगतो

ऑगस्ट महिन्याचे दिवस होते. स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीची तयारी चालू होती. पाऊस थांबून लख्ख ऊन पडले होते. मैदानावर मुली ओळीने उभ्या होत्या आणि मी शिट्टी वाजवून ताल देत होते. एवढ्यात तिसऱ्या ओळीतील एक मुलगी डोळ्यांवर हात ठेवून खाली वाकली. मी तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ती जमिनीवर कोसळली.

आम्ही तिला उचलून व्हरांड्यात सावलीत निजवले. तिचे पाय थोडे उंच ठेवले, ओढणी सैल केली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि हळूच म्हणाली, "आपा, अम्मीला सांगू नका."

तिचे नाव मी येथे सांगणार नाही. ती नववीत होती. अभ्यासात हुशार, अक्षर मोत्यासारखे, अंगाने जराशी भरलेली. तिच्याकडे पाहून कोणीही म्हटले असते, 'ही मुलगी खात्यापित्या घरची आहे.' त्याच दिवशी तिच्या अम्मीला बोलावून आम्ही तिला महानगरपालिकेच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि रक्त तपासायला पाठवले. तिचे हिमोग्लोबिन निघाले अवघे ७.८ ग्रॅम! या वयाच्या मुलीच्या दर शंभर मिलिलिटर रक्तात ते निदान १२ ग्रॅम असायला हवे.

"रोज जेवतेस ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. मुलगी मान खाली घालून बसली. अम्मी म्हणाल्या, "जेवते ना! डबा रोज रिकामा आणते."

डबा रिकामा येत होता हे खरे होते. पण तो डबा शाळेच्या वाटेवर बांधलेल्या एका बकरीच्या पोटात जात होता. दोन महिने असेच चालले होते. सकाळी फक्त चहा, दुपारचा डबा बकरीला आणि रात्री 'भूक नाही' असे म्हणून अर्धी भाकरी.

असे तिने का केले? मे महिन्यात तिच्या खालाच्या मुलीचे लग्न होते. तेथे बायका तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "किती सुटली आहे ही! हिला मुलगा कसा मिळणार?" शाळा उघडली, तेव्हा वर्गातही कोणी तरी तिला 'ढोल' हे नाव ठेवले. ही दुसरी गोष्ट मला माहीत होती. एकदा मी हजेरी घेत असताना मागच्या बाकावरून कोणी तरी ते नाव उच्चारले. सारा वर्ग हसला. आणि मुलांनो, खरे सांगते, मलाही हसू आवरले नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने डबा खाणे सोडले.

हे तिने मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितले. त्या रात्री मला झोप आली नाही. बी.एड्.च्या वर्षी आम्ही किशोरवयाचे मानसशास्त्र शिकलो होतो. परीक्षेत मी त्यावर पान-दीड पान लिहिले होते. पण एका हसण्याने एका मुलीचे जेवण सुटते, हे कोणत्याही पुस्तकाने मला शिकवले नव्हते.

म्हणून आज मी या विषयावर माझे मत तुमच्यापुढे मांडते आहे. माझे मत असे आहे की, आरसा अर्धेच सांगतो. तो आपली कातडी दाखवतो, रक्त दाखवत नाही. चेहरा दाखवतो, ताकद दाखवत नाही. शरीराची लाज बाळगून लावलेली कोणतीही सवय टिकत नाही. आपल्या शरीराचा मान राखणाऱ्यालाच आरोग्याच्या सवयी लागतात.

बदलते शरीर

तुमचे वय शरीर बदलण्याचे वय आहे. साधारणपणे दहाव्या-अकराव्या वर्षापासून मुलींची उंची झपाट्याने वाढू लागते. मुलांची वाढ त्यांच्यापेक्षा दीड-दोन वर्षे उशिरा सुरू होते. म्हणूनच सातवीच्या वर्गात कित्येक मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. या वयात मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढते. हा रोग नाही, निसर्गाचा नियम आहे. मुलांचे आवाज फुटतात, हातपाय आधी लांबतात आणि मांस मागाहून भरते. दोघांच्याही चेहऱ्यावर मुरुमे येतात. प्रत्येकाच्या शरीराचे घड्याळ वेगळे असते. कोणाचे दोन वर्षे पुढे, तर कोणाचे दोन वर्षे मागे.

आमच्या शाळेतील एक मुलगा दहावीत अगदी सडपातळ होता. त्याला सगळे 'माचिसची काडी' म्हणत. सुट्टीत यंत्रमागाच्या कारखान्यात काम करून त्याने काही पैसे जमवले आणि जिममध्ये कोणी तरी विकत असलेल्या पावडरीचा एक मोठा डबा घेतला. डब्यावर ना कारखान्याचा नीट पत्ता होता, ना आत काय आहे याची धड माहिती. पंधरा दिवसांत त्याचे पोट बिघडले आणि डबा कोपऱ्यात पडला. पुढच्या दहा-अकरा महिन्यांत मात्र तो आपोआप एवढा वाढला की, आता माझ्याशी बोलताना त्याला खाली पाहावे लागते. त्याच्या शरीराला पावडर नको होती, वेळ हवा होता. आणि वेळेबरोबर थोडे चांगले अन्न. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. शंभर ग्रॅम हरभऱ्यात ती जवळजवळ २० ग्रॅम असतात. त्या एका डब्याच्या किमतीत कित्येक महिने पुरतील एवढे चणे आणि अंडी आली असती.

सौंदर्याचे माप कोण ठरवते?

मुलांनो, तुम्ही म्हणाल, "आपा, सुंदर दिसावे असे कोणाला वाटत नाही?" वाटते. वाटण्यात काही गैर नाही. केस विंचरावेत, स्वच्छ कपडे घालावेत, ईदला अत्तर लावावे. पण 'सुंदर' कशाला म्हणायचे हे कोण ठरवते, याचा थोडा विचार करा.

पॅसिफिक महासागरात फिजी नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील मूळच्या फिजियन लोकांत धष्टपुष्ट शरीराला मान होता. घरी आलेल्या पाहुण्याला आग्रहाने पोटभर वाढण्याची रीत होती. कोणी बारीक झाले, तर घरच्या लोकांना काळजी वाटे. १९९५ साली तेथील नाद्रोगा या भागात दूरदर्शन संच नुकतेच आले होते. अमेरिकेतील ॲन बेकर या विदुषींनी त्या वेळी तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्यापिण्याविषयीच्या मनोवृत्तीत बिघाडाची चिन्हे तेव्हा १२.७ टक्के मुलींमध्ये आढळली. तीन वर्षांनी, १९९८ साली, त्यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा हे प्रमाण २९.२ टक्क्यांवर गेले होते. दुसऱ्या पाहणीतील ७४ टक्के मुलींनी सांगितले की, कधी ना कधी आपण फार जाड आहोत असे आम्हांला वाटते. पाहणीतल्या मुली थोड्याच होत्या, हे खरे. तरी त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तीन वर्षांत फिजीच्या मुलींची हाडे बदलली नव्हती. तेथील हवा, पाणी, माती बदलली नव्हती. बदलला होता तो समोरचा पडदा.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? माझी नानी सांगत असे की, तिच्या काळी सून शोधताना भरल्या अंगाची मुलगी पसंत पडे. आज तशीच मुलगी पाहून लोक नाक मुरडतात. मग चूक मुलीच्या शरीराची, की लोकांच्या डोळ्यांची? आज तर पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवर दिसणारे चेहरे यंत्राने गुळगुळीत केलेले असतात, कंबर बारीक केलेली असते, रंग उजळ केलेला असतो. त्या चित्राशी आपण आपला घामेजलेला, थकलेला, खरा चेहरा ताडून पाहतो आणि दुःखी होतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण उगाच पडलेली नाही.

वजनकाट्याचीही तीच गोष्ट आहे. उंची आणि वजन यांचा हिशेब करून जो एक आकडा काढतात, त्याची कल्पना मुळात केतले नावाच्या बेल्जियमच्या गणितज्ञाची. एकोणिसाव्या शतकात त्यांनी ती मांडली. केतले वैद्य नव्हते. पुष्कळ माणसांची सरासरी काढून समाजाचा अभ्यास करावा, हा त्यांचा हेतू होता. त्या आकड्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ साली मिळाले. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. पण मोठ्या माणसांसाठी ठरवलेल्या मर्यादा वाढत्या मुलांना लावायच्या नसतात. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी हा भेद पाहून वेगळे तक्ते केलेले आहेत. मोबाइलवर आकडा काढून स्वतःला 'जाड' ठरवणारा विद्यार्थी चुकीच्या फूटपट्टीने मोजत असतो.

गोरेपणाचा सोस

वजनाइतकाच आपल्याकडे रंगाचा सोस आहे. 'मुलगी चांगली आहे, पण सावळी आहे,' हे वाक्य तुम्ही घरात ऐकले असेल. त्या 'पण' या दोन अक्षरांनी किती मुलींचे मन दुखावले असेल, देव जाणे. कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यावर अवलंबून असतो. हे द्रव्य उन्हापासून आपले रक्षण करते. म्हणजे सावळा रंग ही कातडीची उणीव नसून तिचे कवच आहे.

१९७५ साली आपल्या देशात 'फेअर अँड लव्हली' हे मलम बाजारात आले. गोरा रंग म्हणजे नोकरी, लग्न आणि यश, असे जाहिरातींनी कित्येक वर्षे शिकवले. २०२० साली त्या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढावा लागला. नाव बदलले, पण मनातला सोस सहज जात नाही. काही मुली बाजारातून नाव-गाव नसलेली मलमे आणतात. काही जणी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड असलेले मलम चेहऱ्याला लावतात. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल होते, चेहऱ्यावर केस आणि पुटकुळ्या येतात. म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. काही मलमांत पारा असतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे रुग्ण डॉक्टरांकडे आले. चौकशी केली, तेव्हा त्यांच्यापैकी बरेच जण गोरे करणारी मलमे वापरत होते, असे आढळले. चेहरा उजळण्यासाठी मूत्रपिंड घालवायचे, हा कसला सौदा?

मग लठ्ठपणा चांगला का?

येथे कोणी विचारील, "आपा, म्हणजे वाटेल तेवढे खावे आणि लठ्ठ व्हावे, असे तुमचे म्हणणे आहे का?" मुळीच नाही. लहान वयातील लठ्ठपणातून पुढे मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी असे आजार जडू शकतात. अति तेथे माती. माझे म्हणणे एवढेच की, चिडवून कोणी सडपातळ होत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हजारो विद्यार्थ्यांचा अनेक वर्षे अभ्यास झाला. शाळेच्या वयात ज्यांना वजनावरून चिडवले गेले, त्यांच्यात १५ वर्षांनी लठ्ठपणाचे प्रमाण अधिक आढळले. याचे कारण समजणे अवघड नाही. ज्याला पळताना लोक हसतात, तो पळणे सोडतो. ज्याला जेवताना टोमणे मिळतात, तो लपून खातो. कधी उपाशी राहतो, कधी एकदम बकाबका खातो. लाज ही फार वाईट शिक्षिका आहे. ती धडा शिकवत नाही, नुसती छडी मारते.

ज्याच्या वजनाची खरेच काळजी वाटते, त्याला डॉक्टरांकडे घेऊन जावे. त्याच्याबरोबर रोज चालायला जावे. घरात सगळ्यांसाठीच तळलेले आणि गोड कमी करावे. एकाच मुलापुढे वेगळे ताट ठेवून बाकीच्यांनी भजी खाऊ नयेत.

खरा धोका कोठे आहे?

आपण ज्याला 'जाड' म्हणून हसतो, त्याच्या रक्तात लोह नसते आणि ते आपल्याला दिसत नाही. हाच खरा धोका आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीनुसार १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के होते. म्हणजे दहा मुली एका बाकाशी उभ्या केल्या, तर त्यांतील जवळजवळ सहा जणींचे रक्त कमी! हिमोग्लोबिन शरीरात प्राणवायू वाहून नेते. ते कमी झाले की जिना चढताना धाप लागते, डोके दुखते, वाचलेले लक्षात राहत नाही. मग शिक्षक म्हणतात, 'मुलगी आळशी आहे.' ती आळशी नसते, तिचे रक्त थकलेले असते.

आमच्या त्या विद्यार्थिनीबद्दल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढे रक्त दोन महिन्यांत कमी होत नाही. वर्षानुवर्षे हिचा नाश्ता चहा आणि पावाचा असणार. त्यात मासिक पाळीत रक्त जाते. उपासाने फक्त शेवटचा धक्का दिला." शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती घेतेस का, असेही त्यांनी विचारले. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी त्या गोळ्या कंपासपेटीत लपवल्या होत्या. 'गोळीने अंग सुटते,' अशी वर्गात अफवा होती! मुलींनो, त्या गोळीने कोणी जाड होत नाही. ती पोटभर खाऊन घ्यावी. तिने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. पोटात जंत असले, तरीही रक्त कमी होते. म्हणून शाळेत मिळणारी जंतांची गोळीही चुकवू नये.

पैसे न लागणाऱ्या सवयी

आरोग्याच्या सवयी महाग नसतात. त्यांतील काही येथे सांगते.

सकाळी उपाशीपोटी शाळेत येऊ नका. रात्रीची भाकरी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ, किंवा रोटी आणि अंडे, एवढे पुरे आहे. चहा हा नाश्ता नव्हे. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह शरीराला नीट मिळू देत नाही. म्हणून चहा प्यायचाच असेल, तर जेवणानंतर तास-दीड तासाने प्या. मेथी, पालक, मोड आलेली मटकी, मसूर, बाजरी यांतून लोह मिळते. त्यावर लिंबू पिळले, तर ते अंगी लागते. घरी मांस शिजते, तेव्हा मुलीच्या ताटातही बोटी पडली पाहिजे. चांगल्या बोट्या मुलांना आणि रस्सा मुलींना, ही रीत मी कित्येक घरांत पाहिली आहे. ती मोडली पाहिजे.

रमजानच्या महिन्यात सहरी न करता रोजा धरणाऱ्या काही मुलीही मी पाहिल्या आहेत. 'तेवढेच वजन उतरेल,' असे त्या म्हणतात. रोजा इबादतीसाठी असतो, वजन उतरवण्यासाठी नसतो.

रोज निदान एक तास घाम येईपर्यंत खेळा, धावा, दोरीवरून उड्या मारा. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला सरासरी साठ मिनिटे सांगितली आहेत. तुमच्या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. मोबाइल उशाशी घेऊन एक वाजेपर्यंत जागणाऱ्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे कोणत्याही मलमाने जात नाहीत. शाळेच्या आवारात आणि पन्नास मीटरच्या आत फार तेलकट, खारट आणि गोड पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला आहे. नियम कागदावर राहिला, तरी आपण आपल्या जिभेवर नियम घालू शकतो.

मैदान मुलींचेही आहे

आता एक गोष्ट मोठ्यांना सांगायची आहे. सातवीपर्यंत आमच्या मुली मैदानावर धावतात. मग एके दिवशी घरून सांगितले जाते, 'आता मोठी झालीस, पुरे झाले खेळणे.' मुलगी घरात बसते. दोन-तीन वर्षांनी तेच लोक तिला म्हणतात, 'किती सुटली आहे!' हा कोणता न्याय? खेळ आपण बंद करायचा आणि दोष तिच्या शरीराला द्यायचा! आठवड्यातून तीन तास तरी शाळेचे मैदान फक्त मुलींसाठी राखून ठेवावे. त्या वेळी फाटक बंद असावे, बाई हजर असाव्यात आणि मुलींनी मनमोकळे खेळावे. याला खर्च लागत नाही, इच्छा लागते.

ज्यांनी आपल्या शरीराकडून मोठी कामे करून घेतली, त्यांना आरसा विचारून ते करता आले नसते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव छोट्या चणीचे होते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ५७ किलो वजनगटात कुस्तीचे कांस्यपदक त्यांनी जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. मूर्ती लहान, पण कीर्ती महान! त्रिपुराच्या दीपा कर्माकर हिचे तळपाय लहानपणी सपाट होते. जिम्नॅस्टिक्सला असे पाय अडचणीचे मानतात. तीच दीपा २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये चौथी आली. तेलंगणातील निजामाबादची निखत जरीन २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षे मुष्टियुद्धात जगज्जेती ठरली. 'मी कशी दिसते?' हा प्रश्न तुमच्याही मनात येईल. त्याला मी अडवत नाही. पण त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न बसू द्या : 'माझे शरीर काय काय करू शकते?'

आमच्या वर्गाचा नियम

त्या प्रसंगानंतर मी वर्गापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी हसले, ती माझी चूक होती." वर्गात शांतता पसरली. शिक्षकांनी चूक कबूल करण्याची मुलांना सवय नसते. मग आम्ही सर्वांनी मिळून एक नियम केला. या वर्गात कोणाच्याही शरीरावरून कोणाला नाव ठेवायचे नाही. जाड, बारीक, काळा, बुटका यांपैकी एकही शब्द हाक मारण्यासाठी वापरायचा नाही. आईबापांनी हौसेने जे नाव ठेवले आहे, त्याच नावाने हाक मारायची. हा नियम मलाही लागू आहे.

पहिल्या आठवड्यात नियम अकरा वेळा मोडला. महिन्याअखेरीस कोणी चुकून बोललेच, तर बाकीची मुलेच त्याला थांबवू लागली.

ती मुलगी बरी झाली. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या तिने रोज घेतल्या. तिच्या अम्मीने डब्याबरोबर लिंबाची फोड द्यायला सुरुवात केली आणि दुपारी मी तिच्यासोबत डबा खाऊ लागले. चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ११.४ निघाले. अजून थोडे वाढायला हवे. तिचे वजन? तेही थोडे वाढले होते. तिने ते स्वतःहून मला सांगितले आणि मी विचारले नसताना पुढे म्हणाली, "आपा, आता जिना चढताना धाप लागत नाही."

आपल्यात म्हण आहे, 'एक तंदुरुस्ती, हजार नेमत.' शरीर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. अमानत म्हणून मिळालेल्या वस्तूला आपण नावे ठेवत नाही आणि ती उपाशीही ठेवत नाही. तिची काळजी घेतो. तुमच्या वर्गातही कोणाचा तरी डबा रोज दुसऱ्याच्या पोटात जात असेल. उद्या मधल्या सुट्टीत जरा इकडेतिकडे पाहा. असे कोणी दिसले, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, आपला डबा उघडा आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा.